आठ डब्यांचं इंग्रजी

सरांची वाचा गेली त्याला तिसरा महिना लागला होता. जिन्यात भेटणारा जो तो त्यांच्या मुलीला विचारायचा, "काय, बोलले का काही?" तिने मान हलवली की "होईल होईल, धीर धर," असं म्हणून आपल्या कामाला लागायचा. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुसऱ्यांची तोंडं बंद केली, त्याचं तोंड उघडावं म्हणून आता अख्खी गल्ली देव पाण्यात घालून बसली होती.

गल्ली त्यांना डबेसर म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत ते इंग्रजीची शिकवणी घेत, आणि त्या खोलीत भिंतीवरच्या फळीवर ओळीने आठ डबे मांडलेले होते. इंग्रजीत शब्दांच्या जाती आठ, म्हणून डबे आठ. नाउनचा डबा सर्वांत मोठा, कुणा रंगाऱ्याने टाकून दिलेला. प्रोनाउनचा बिस्किटांचा. व्हर्बच्या डब्याला तेवढी कडी होती, कारण सर म्हणायचे, "व्हर्बला धरल्याशिवाय वाक्य उचलता येत नाही." शेवटची इंटरजेक्शनची, खोकल्याच्या गोळ्यांची चपटी डबी, तिच्यात 'ओह', 'अलास', 'हुर्रे' असे चारदोन तुकडे खुळखुळत. सर पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर शब्द लिहीत. मुलांनी एकेक तुकडा उचलायचा, त्याची जात ओळखायची आणि त्या डब्यात टाकायचा. वाक्यातला शब्द न् शब्द आपापल्या डब्यात पडला, कर्ता कोण, क्रियापद कोणतं हे पक्कं झालं, की मग ते वाक्य मोठ्याने बोलायची परवानगी. बहुतेक वेळा तोपर्यंत तास संपलेला असायचा.

चुकलं तर सर ओरडत नसत. हात तर त्यांनी कधी कोणावर उचलला नाही, पालकांना त्याचंच कौतुक. सर फक्त चष्म्याच्या वरून बघत आणि शांतपणे म्हणत, "उभी राहा." मुलगा असेल तर "उभा राहा." मग कपाटाशेजारी जाऊन उभं राहायचं, आणि सर "बस" म्हणेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. त्यातून सर विसरभोळे. तास सुटायचा, मुलं दाराशी चपला शोधायला लागायची, आणि कपाटाशेजारी एखादं पोर आपलं उभंच.

त्यांची पहिली विद्यार्थिनी त्यांची स्वतःची मुलगी. बाकीच्यांना निदान तास सुटण्याची आशा होती, हिला तीही नव्हती. जेवताना मीठ हवं असेल तर ते इंग्रजीत मागायचं. ती मागायची. सर विचारायचे, "या वाक्यात कर्ता कुठे आहे?" कर्ता लपलेला आहे, हे तिला आठवेपर्यंत आईने मीठ वाढलेलं असायचं आणि पोर हातात घास घेऊन कपाटाशेजारी उभी. "अहो, जेवू द्या तिला," आई म्हणायची. सरांचं उत्तर ठरलेलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंडाचंही तसंच आहे. चुकीचं वाक्य काढण्यापेक्षा न काढलेलं बरं."

पोरीने ते इतकं मनावर घेतलं की वर्गातल्या मुलांनी तिचं नाव फुलस्टॉप ठेवलं. पुढे पुढे हा रोग घरच्या भाषेतही उतरला. दुकानात गेली तर साबण मागायच्या आधी ती मनात वाक्य जुळवायची, आणि तेवढ्यात मागून आलेली चार माणसं आपापलं सामान घेऊन जायची. एकदा तिला बघायला आलेल्या मुलाने चांगल्या मनाने विचारलं होतं, "तुम्हाला माझ्याबद्दल काही विचारायचंय का?" तिला विचारायचं होतं. खूप विचारायचं होतं. ती सुरुवात कुठून करावी हे ठरवत राहिली आणि पाहुण्यांचे कप रिकामे झाले. "मुलीला आमच्यात रस दिसत नाही," असा निरोप आला.

आता तिची चाळिशी उलटली होती, आणि वडिलांना विचारायचा एक प्रश्न तिच्याकडे कितीतरी वर्षांपासून तयार होता. बाबा, तुम्ही मला बोलू का दिलं नाही? एवढाच. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिने तो घासूनपुसून इतका लख्ख केला होता की त्यात कोणी खोट काढली नसती. यंदा तो विचारायचाच, असं तिने मनाशी ठरवलं, आणि त्याच थंडीत एका सकाळी दाढी करता करता सरांना अर्धांगाचा झटका आला. हळूहळू हात हलायला लागला, काठी टेकत पाऊलही पडायला लागलं, पण जीभ उठली नाही. प्रश्न तयार आणि उत्तर देणाऱ्याचं तोंड बंद! सरांनी बोलावं असं जितकं तिला वाटत होतं तितकं आईलाही वाटत नसेल. त्यात माया किती आणि संताप किती, हे तिचं तिला सांगता आलं नसतं.

दवाखान्यातून एक बाई बोलण्याचे व्यायाम घ्यायला घरी यायची. वयाने लहान, पायात कापडी बूट, पिशवीत चित्रांची कार्डं. पहिल्याच दिवशी तिने आईला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं, "सरांना सगळं समजतं. शब्द आत आहेत, फक्त हवा तो हाताला लागत नाही. कप म्हणायला जातील आणि ताट येईल. येऊ द्या. हसू नका आणि सुधारायला जाऊ नका. जेवढे चुकतील तेवढे लवकर बोलायला लागतील. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. आत्ता गप्प बसले तर गाडी तिथेच रुतते."

मग तिने सरांपुढे एक कार्ड धरलं. पांढऱ्या कपाचं चित्र. "हे काय आहे, सर?"

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. ओठ जुळवले. गळ्याची शीर ताणली गेली, आणि आवाज बाहेर पडला. "खुर्ची."

"छान!" बाईने टाळी वाजवली. "आवाज सुरेख आला. पुन्हा?"

पण सरांनी आपला शब्द ऐकला होता. त्यांनी कपाकडे बघितलं, बाईच्या टाळीकडे बघितलं, आणि मग मुलीकडे. तो चेहरा तिला पाठ होता. वर्गात कोणाची चूक सापडली की होणारा. या वेळी चुकणाराही तेच आणि पकडणाराही तेच. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि ते मिटले ते मिटलेच. बाईने कार्डं बदलली, गाणी लावली, आरसा आणला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सर भिंतीकडे बघत बसायचे. तहान लागली तर बोटाने दाखवायचे, आणि बोट कोणाला समजलं नाही तर तहानलेले राहायचे.

"तुम्ही म्हणा त्यांना," बाई मुलीला म्हणाली. "तुमचं ऐकतील."

म्हणून ती रोज दुपारी त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, "बोला बाबा. चुकलं तरी चालेल." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिचं तिलाच चमकायला झालं. हे वाक्य त्या घरात आजवर कोणीच उच्चारलं नव्हतं. हे कोणीतरी आपल्याला म्हणावं म्हणून ती अख्खं आयुष्य कान लावून बसली होती, आणि आता तेच ती दुसऱ्याला वाढत होती, तेही ज्याने तिला ते कधी दिलं नाही त्याला. सरांनी मान खिडकीकडे वळवली.

एकदा जाता जाता बाईने आईला धीर दिला. "कधीकधी असंही होतं. ठरवून बोलायला गेलं की अडतं, पण माणूस आयुष्यभर विचार न करता जे बोललेला असतो ते अचानक आपोआप निघतं. कोणाची शिवी निघते, कोणाचं गाणं. एक आजोबा नुसतं 'हॅलो, कोण बोलतंय' म्हणायला लागले. असं काही निघालं तर घाबरू नका, दार किलकिलं झालं समजा."

"मग माझा 'अगं'च यायचा," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून 'अगं' म्हणूनच हाक मारलीय. नाव घ्यायची वेळच आली नाही." आणि बऱ्याच दिवसांनी ती हसली.

एका रविवारी भोंगा आला. भोंगा सरांचा जुना विद्यार्थी, मुलीच्याच वर्गातला. वर्गातला सर्वांत ढ आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा. सरांनी त्याला बसलेला कधी पाहिलाच नसेल. "उचलली जीभ लावली टाळ्याला! जिभेला काही हाड?" असं सर त्याला म्हणायचे आणि उभा करायचे, आणि तो उभ्या उभ्यासुद्धा शेजारच्याशी बोलायचा. आता त्याचा चौकात स्वतःचा इंग्रजीचा क्लास होता. भिंतभर पाटी, तिच्यावर त्याचाच फोटो, आणि खाली 'पहिल्या दिवसापासून बोला'. सरांची निम्मी मुलं तिकडेच गेली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच त्याचा आवाज वर आला.

"सर! आय ॲम केम! हाऊ यू आर? यू मस्ट टू स्पीक, सर! यू नॉट स्पीक, देन हू स्पीक?"

सरांची डावी भुवई वर गेली.

"काकू, बघा बघा, भुवई हलली!" भोंग्याने फळांची पिशवी आईच्या हातात दिली आणि सरांच्या पायाशी बसकण मारली. "आता मी रोज येईन आणि असलं इंग्रजी बोलेन. चिडून चिडून एक दिवस बोलतील. सर, खरं सांगतो, तुमचे उपकार आहेत. तुम्ही इतकं उभं केलंत ना, की पाय दगडासारखे झाले. हॉटेलच्या काउंटरवर दिवसदिवस उभा राहिलो, कधी टाच दुखली नाही!"

तो खो खो हसला. आई हसली. मुलगी पेला धुवायला आत गेली, कारण काउंटर हा शब्द त्या घरात कोणी काढत नसे.

तिची शाळा संपली त्या सुमारास शहरात एक मोठं हॉटेल नवीन उघडलं, तेव्हा काउंटरसाठी इंग्रजी येणारी तरुण मुलं हवी होती. इंग्रजीत तिच्याइतके गुण आसपासच्या कुठल्याच शाळेत कोणाला नव्हते. आईने तिच्यासाठी नवे कपडे शिवून घेतले. गारेगार खोलीत काचेच्या टेबलामागे एक मॅनेजर बसला होता, स्वभावाने वाईट नसावा, त्याने पाणीसुद्धा पुढे केलं. मग विचारलं, "व्हाय डू यू वॉन्ट टू वर्क हिअर?"

प्रश्न सोपा होता. तिने मनातल्या मनात फळीवरचे डबे उघडले. कर्ता 'आय'. बिस्किटांचा डबा. क्रियापद 'वॉन्ट', कडीचा डबा. पण 'वॉन्ट' म्हणणं उद्धट तर नाही? 'वुड लाइक' बरं. मग पुढचं क्रियापद कोणत्या रूपात? 'बिकॉज' कंजंक्शन, त्याच्यापुढे पुन्हा पूर्ण वाक्य, पुन्हा कर्ता, पुन्हा क्रियापद. तिला सगळं येत होतं. एकेक तुकडा बरोबर डब्यात पडत होता, आणि काचेपलीकडचा माणूस पेन फिरवत वाट बघत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, "डू यू अंडरस्टँड इंग्लिश?" हे तर आणखी सोपं. नुसतं 'येस' म्हणायचं. पण नुसता 'येस' म्हणजे अर्धवट उत्तर, आणि अर्धवट उत्तराला वर्गात उभं राहावं लागायचं. तिची दातखीळ बसली. "थँक यू," मॅनेजर म्हणाला आणि त्याने पुढचं नाव पुकारलं. पुढचं नाव भोंग्याचं होतं. काय बोलला देव जाणे, एक वाक्य धड नसेल, पण दारातून बाहेर येताना मॅनेजरचं हसणं त्याच्या मागोमाग बाहेर आलं. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, म्हणतात ते काही खोटं नाही.

घरी आल्यावर सरांनी विचारलं, "प्रश्न काय होता?" तिने सांगितला. "उत्तर काय दिलंस?"

"नाही दिलं."

तिला वाटलं, आता बाबा चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. सर म्हणाले, "चुकीचं देण्यापेक्षा बरं." मग त्यांनी पुठ्ठा आणि कात्री घेतली, तिच्याकडून ते उत्तर शांतपणे तयार करून घेतलं, शब्द कापले आणि तिला एकेक करून डब्यांत टाकायला लावले. सगळे बरोबर पडले. "बघ," सर समाधानाने म्हणाले, "येतंय की तुला." वरातीमागून घोडं नाचवून झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या शिकवणीत लहान मुलांना सांभाळायला लागली, ती आजतागायत.

त्या रविवारी भोंगा निघाला तेव्हा ती दारापर्यंत सोडायला गेली. "फुलस्टॉप," तो जिन्यात थांबून म्हणाला, "माझ्या क्लासला ये ना शिकवायला. पोरं ग्रामरचं काही विचारतात आणि मी आपलं ठोकून देतो. तुझ्यासारखं कोणीतरी हवंय मला. येशील?"

तिला यायचं होतं. त्या घरातून रोज काही तास बाहेर पडायचं, एवढ्या कल्पनेनेच तिच्या छातीत धडधडलं. पण इकडचा वर्ग कोणी बघायचा, आईला काय सांगायचं, हे सगळं धरून नीट उत्तर द्यायला हवं होतं. ती ते जुळवत उभी राहिली. "विचार करून सांग, घाई नाही," असं म्हणून भोंगा जिना उतरूनही गेला. खाली रस्त्यावर तो कोणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होता ते तिला ऐकू येत राहिलं.

ती आत आली तशी आई म्हणाली, "रडतेस काय?" आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलीने नाही म्हणून मान हलवली. आईने हातातला सदरा मांडीवर ठेवला, आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली घेतला.

"तुला एक सांगायचंय. त्यांनी मला शपथ घातली होती, पण आता शपथ काय आणि काय. तरुणपणी हे एका कचेरीत शिपाई होते, माहितीय तुला?"

"नाही."

"होते. एकदा मोठ्या साहेबाने विचारलं, हेडक्लार्क कुठे आहे? हे चटकन इंग्रजीत म्हणाले, 'ही गो'. हौस होती ना इंग्रजी बोलायची. साहेब हसला. हसला तो हसला, सगळ्या कचेरीला बोलावून आणलं आणि यांना मधे उभं करून पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ही गो, ही गो. तेव्हापासून यांचं नावच हीगो पडलं. हीगो, पाणी आण. हीगो, फाइल उचल. आमच्या लग्नात कोणीतरी ओरडलं, हीगो आला रे! मी विचारलं, हे काय? तर तोंड पांढरं पडलं यांचं. नोकरी सोडली, जुनं व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि वेड लागल्यासारखं पाठ केलं. पुन्हा कधी मी यांना बाहेरच्या माणसाशी इंग्रजीतून बोलताना ऐकलं नाही. शिकवलं तेवढंच." आईने सदऱ्याची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. "तुला कोणी हसू नये, एवढंच होतं गं त्यांच्या मनात."

मुलीला त्या शिपाई पोराची दया आली, अगदी आतून आली, आणि त्या दयेचाच तिला संताप आला. इतकी वर्षं जपलेला राग असा कोणी एका गोष्टीत काढून घ्यावा, हा तर निव्वळ अन्याय होता.

"मला कोणीच हसलं नाही, आई," ती म्हणाली. "हसायला तरी माणसाने काहीतरी बोलावं लागतं."

मग ती उठून आतल्या खोलीत गेली. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. उत्तर तिला मिळाल्यातच जमा होतं, पण ते आईच्या तोंडून. तिला ते त्यांच्या तोंडून हवं होतं. तिने स्टूल ओढलं, आणि इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेला प्रश्न एकदाचा मोठ्याने विचारला.

"बाबा, तुम्ही मला बोलू का दिलं नाही?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना समजलं होतं, यात शंका नाही. डोळ्यांत पाणी तरारलं. ओठ सुटले. जीभ हलली, आत कुठला तरी शब्द वर येत होता, तिला तो त्यांच्या गळ्यात दिसत होता. ती पुढे झुकली. "कसाही येऊ दे, बाबा. खुर्ची म्हणा, टेबल म्हणा, मी समजून घेईन. फक्त म्हणा." शब्द दातांपर्यंत आला असावा. सरांनी तो तिथेच तपासला, आणि गिळला. मग डोळे मिटून घेतले. ती स्टूल जागेवर ठेवून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे शिकवणीची मुलं आली. सर आजारी पडल्यापासून वर्ग तीच घेत होती आणि वर्गाचं वळण तिने बदललं होतं. डबे फळीवर तसेच होते, पण आता आधी बोलायचं, वाटेल तसं बोलायचं, आणि मग हसतखेळत तुकडे डब्यांत टाकायचे. उभं राहणं बंद. जुन्या मुलांना ते खरं वाटायला वेळ लागला. चुकलं की ती मुलं अजूनही अर्धवट उठायची आणि मग लाजून बसायची. समोरच्या शिंप्याची मुलगी मात्र नवीन होती. तिला त्या कपाटाशेजारच्या जागेची काही माहितीच नव्हती. नुसता चिवचिवाट.

"ताई, मी सांगू? मी सांगू घरचं?" शिंप्याची मुलगी म्हणाली.

"सांग."

"माय फादर स्टिच शर्ट! अँड ही सिंग, व्हेरी बॅड सिंग! अँड माय मदर सेइंग, स्टॉप, स्टॉप, कस्टमर गो!"

मुलं फिदीफिदी हसायला लागली, शिंप्याची मुलगी सर्वांत जास्त. ताईलाही हसू फुटलं. वाक्यात एक क्रियापद धड नव्हतं आणि तरी तो शिंपी, त्याचं गाणं आणि पळून जाणारं गिऱ्हाईक सगळे खोलीत येऊन उभे राहिले होते. असं आपण एकदा तरी बोललो असतो, तिला वाटलं. "वा" म्हणायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. स्वच्छ, शांत, एकही अक्षर न अडखळता.

"उभी राहा."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. आई ओल्या हातांनी धावत आली, तिला बोलताही येईना. "बोलले! ऐकलंस ना? अगं, तुझे बाबा बोलले!" ती हसत होती आणि रडत होती, 'अगं' आला नाही याची तिला आठवणही नव्हती. तशीच ती आत पळाली. शेजारचं दार उघडलं, जिन्यात कोणीतरी कोणाला तरी ओरडून सांगितलं की सर बोलले, आणि वरच्या मजल्यावर पावलं धावायला लागली. मुलं माना वळवून आतल्या दाराकडे बघत होती.

शिंप्याची मुलगी तेवढी जागच्या जागी बसून होती. पेन्सिल तोंडात धरून ती वर बघत होती.

"ताई," तिने विचारलं, "तुम्ही का उभ्या राहिलात?"

ताईने खाली बघितलं. तिची खुर्ची मागे सरकली होती आणि ती स्वतः कपाटाशेजारी उभी होती, पाय जुळवलेले, हात सरळ, ओठ मिटलेले. आपण कधी उठलो, हे तिला कळलंच नव्हतं. आता कोणीतरी "बस" म्हणायला हवं होतं. आत आई पुन्हा पुन्हा विनवत होती, "बोला ना, अहो, अजून एक शब्द बोला," आणि आतून दुसरा शब्द येत नव्हता.